डॉ. शरदचंद्र श्रीखंडे यांचे चॅपेल हिल येथील संशोधन : सिद्ध अशक्यता आणि मानलेली अशक्यता

गणितात ‘अमुक रचना अस्तित्वात असू शकत नाही’ हे विधान दोन निराळ्या आधारांवर केले जाते. एक आधार सिद्धतेचा. तेथे अशक्यतेचे कारण उघड झालेले असते. दुसरा आधार अनुभवाचा. अनेकांनी शोध घेतला, कोणासही ती रचना सापडली नाही, म्हणून ती नसावीच असे मानले जाते. डॉ. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांच्या संशोधनाच्या प्रारंभीच्या कालखंडात या दोन्ही प्रकारच्या अशक्यतांशी त्यांचा संबंध आला. १९५० साली त्यांनी विशिष्ट वर्गातील रचनांची अशक्यता सिद्ध केली. १९५९ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांनी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेली ऑयलरची एक अटकळ असत्य ठरविली. ही दोन्ही कामे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिल येथे झाली. त्यांतील विचारसूत्र पदव्युत्तर अभ्यासकास सहज आकलन होण्यासारखे आहे, व त्याचे विवेचन हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

नागपूरहून चॅपेल हिलकडे

श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी मध्य प्रदेशातील सागर येथे, एका मोठ्या व बेताच्या परिस्थितीच्या मराठी कुटुंबात झाला. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयातून त्यांनी गणितातील ऑनर्स पदवी घेतली व पुढे काही काळ कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घालविला. तेथे राजचंद्र बोस यांच्या कार्याशी त्यांचा परिचय झाला. त्यानंतर त्यांनी अध्यापनाचा मार्ग पत्करला. १९४७ च्या सुमारास ते उच्च अध्ययनासाठी चॅपेल हिल येथे गेले, तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. गणितज्ञाचे उत्तम काम विशीतच होते असा एक समज रूढ आहे. श्रीखंडे यांच्या संशोधनाचा खरा आरंभ त्या वयानंतरचा आहे.

चॅपेल हिल येथील गणिती सांख्यिकीचा विभाग त्या वेळी नवीनच होता. १९४६ साली हॅरोल्ड होटेलिंग यांच्या नेतृत्वाखाली त्याची स्थापना झाली. १९४९ साली स्वतः बोस तेथे प्राध्यापक म्हणून आले, व त्यांच्याच मार्गदर्शनाखाली श्रीखंडे यांनी १९५० साली अंशतः संतुलित अभिकल्पांच्या रचनेवर डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला. म्हणजे ज्या विचारपरंपरेत त्यांनी परदेशात काम केले तिची मुळे कलकत्त्यातच होती. १९३७-३८ च्या हिवाळ्यात आर. ए. फिशर भारतात आले असता त्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नांतून बोस या विषयाकडे वळले होते. चॅपेल हिलने श्रीखंडे यांना विषय दिला नाही. त्या विषयात अखंड काम करण्यास अवकाश व समानधर्मी मंडळींचा सहवास दिला.

सांख्यिकीच्या विभागात अशा चयनगणिताचा, म्हणजे निवडी व मांडण्या यांच्या गणिताचा, अभ्यास का व्हावा हेही पाहणे अवश्य आहे. शेतात पाच खतांची तुलना करावयाची असेल तर जमिनीचा कस सर्वत्र सारखा नसतो ही अडचण येते. शेताचे पाच ओळी व पाच स्तंभ असे पंचवीस वाफे पाडून प्रत्येक खत प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात एकेकदाच येईल अशी योजना केली, तर दोन्ही दिशांनी बदलणाऱ्या कसाचा परिणाम तुलनेतून वगळता येतो. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात फिशर यांनी ही पद्धती रूढ केली. अशा मांडणीस लॅटिन चौरस म्हणतात.

१९५० : कारणासह अशक्यता

संतुलित अभिकल्पाची कल्पना अशी. व बिंदू घ्यावेत; त्यांचे काही खंड करावेत; प्रत्येक खंडात क बिंदू असावेत; आणि कोणतेही दोन बिंदू नेमक्या ल खंडांत एकत्र यावेत. खंडांची संख्याही व इतकीच असेल तर त्या अभिकल्पास सममित म्हणतात. साध्या मोजणीवरून असे दिसते की, ल × (व – १) = क × (क – १) हे समीकरण पाळले गेलेच पाहिजे. परंतु हे समीकरण पाळणारी प्रत्येक संख्यात्रयी प्रत्यक्षात येईलच असे नाही. उदाहरणार्थ, व = २२, क = ७, ल = २ घेतल्यास दोन्ही बाजू ४२ होतात. मग असा अभिकल्प आहे काय?

ओळी बिंदूंच्या व स्तंभ खंडांचे असा आव्यूह मांडावा; बिंदू खंडात असेल तेथे १ व नसेल तेथे ० लिहावे. या आव्यूहाचा त्याच्याच परिवर्ताशी गुणाकार केला असता मुख्य कर्णावर सर्वत्र क व अन्यत्र सर्वत्र ल मिळतो. त्या गुणाकाराच्या निश्चयकाची किंमत, वरील समीकरणाचा उपयोग करता, क चा वर्ग गुणिले (क – ल) चा (व – १) वा घात इतकी येते. पण ही किंमत एका पूर्णांकी निश्चयकाचा वर्ग आहे. व सम असेल तर व – १ विषम; अशा वेळी ती किंमत पूर्ण वर्ग होण्यास क – ल हा स्वतःच पूर्ण वर्ग असला पाहिजे. वरील उदाहरणात क – ल = ५. तो पूर्ण वर्ग नाही. म्हणून तसा अभिकल्प असणे शक्य नाही. शोध घेण्याचेही प्रयोजन उरत नाही.

हा निष्कर्ष श्रीखंडे यांनी १९५० साली प्रसिद्ध केला. मार्सेल शूट्झेनबर्जे यांनी १९४९ साली, व चावला आणि रायझर यांनी १९५० साली, तो स्वतंत्रपणे मिळविला होता. व विषम असता प्रश्न अधिक कठीण होतो व वर्गरूपांच्या अंकशास्त्रीय सिद्धांतांचा आधार घ्यावा लागतो. श्रीखंडे यांच्या निबंधात त्या बाजूचाही विचार आहे. येथे महत्त्वाचे हे की, अशक्यतेचे कारण कोणत्या गृहीतकात दडले आहे ते या सिद्धतेत स्पष्ट दिसते. गृहीतक बदलले तर निष्कर्षही बदलू शकतो, याची जाणीव अशी सिद्धता देते.

ऑयलरची अटकळ

लॅटिन चौरसांकडे पुन्हा वळू. तीन अक्षरांचा एक व तीन अंकांचा एक असे दोन चौरस एकमेकांवर ठेवले असता पुढील मांडणी मिळते :

अ१  ब२  क३
ब३  क१  अ२
क२  अ३  ब१

अक्षरे वेगळी पाहिली तर लॅटिन चौरस, अंक वेगळे पाहिले तरी लॅटिन चौरस. शिवाय अक्षर व अंक यांची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच आली आहे. अशा दोन चौरसांस परस्परलंब म्हणतात. ओळींची संख्या ही चौरसाची कोटी होय.

लेओनार्ड ऑयलर याने १७७९ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे वाचलेल्या व १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात छत्तीस अधिकाऱ्यांचा प्रश्न मांडला. सहा पलटणींतून सहा हुद्द्यांचे एकेक असे छत्तीस अधिकारी चौरसात उभे करावयाचे. प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा. म्हणजेच ६ कोटीचे दोन परस्परलंब चौरस हवेत. विषम कोटीचे व ४ ने भाग जाणाऱ्या कोटीचे असे चौरस ऑयलरला करता आले. २ कोटीचे होत नाहीत हे उघड आहे. ६ कोटीचे त्याला सापडले नाहीत. त्यावरून त्याने अटकळ बांधली की, ४त + २ या स्वरूपाच्या, म्हणजे २, ६, १०, १४, १८, २२ इत्यादी कोटींचे परस्परलंब चौरस नसतातच.

१९०० साली गास्ताँ तारी याने सर्व शक्यतांचा पद्धतशीर निरास करून ६ कोटीची अशक्यता सिद्ध केली. परंतु ही सिद्धता यादी तपासण्याची होती. तीत १० किंवा १४ यांना लागू पडेल असे कारण नव्हते. तरीही अटकळीवरील विश्वास दृढ झाला. पीटरसन (१९०२), व्हेर्निके (१९१०) व मॅकनीश (१९२२) यांनी तिच्या सिद्धता प्रसिद्ध केल्या. त्या सर्वच सदोष ठरल्या. मॅकनीश याने एक व्यापक अटकळही केली. कोटीचे अविभाज्य संख्यांच्या घातांत अवयव पाडावेत; त्यांतील सर्वांत लहान घातातून १ वजा करावा; जोडीजोडीने परस्परलंब असे तितके चौरस निश्चितपणे करता येतात. ही संख्या कमाल मर्यादाही आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते खरे असते तर ४त + २ चा सर्वांत लहान असा घात २ असल्यामुळे ऑयलरची अटकळ आपोआपच सिद्ध झाली असती.

याउलट, कोटी न ही अविभाज्य संख्येचा घात असेल तर न – १ परस्परलंब चौरस मिळतात हे बोस यांनी १९३८ साली सांत क्षेत्रांच्या साहाय्याने दाखविले होते. पुढील युक्तिवादाचे हेच मुख्य साधन होय.

असमान खंडांची युक्ती

डॉक्टरेटनंतर श्रीखंडे भारतात परतले व नागपूर येथे अध्यापन करू लागले. १९५८ साली ते पुन्हा चॅपेल हिल येथे गेले. त्याच सुमारास अर्नेस्ट पार्कर या गणितज्ञाने मॅकनीशच्या अटकळीस पहिला तडा दिला. पार्कर हे रेमिंग्टन रँड कंपनीच्या युनिव्हॅक विभागात नोकरीस होते. त्यांचा विचार असा. समजा, न बिंदूंचे काही खंड असे केले की कोणतेही दोन बिंदू नेमक्या एकाच खंडात एकत्र येतात. प्रत्येक खंडाच्या बिंदूंवर परस्परलंब चौरसांची जोडी घ्यावी, मात्र त्यांच्या मुख्य कर्णावर प्रत्येक बिंदू आपापल्या जागीच असावा. आता न कोटीचा मोठा चौरस भरावयाचा. कर्णावरील घरात त्या ओळीचाच बिंदू लिहावा. अन्य घराची ओळ व स्तंभ हे दोन बिंदू ज्या एकमेव खंडात आहेत त्या खंडाच्या लहान चौरसातील नोंद येथे उतरावी. असे केल्यावर मोठे चौरसही परस्परलंब होतात; कारण भिन्न बिंदूंची कोणतीही जोडी एकाच खंडात येते, व त्या खंडाच्या चौरसांत ती एकदाच आढळते.

कर्णाची अट पाळण्यास एक चौरस खर्ची पडतो. म्हणून खंडाचा आकार क हा अविभाज्य संख्येचा घात असेल तर न कोटीचे क – २ चौरस हाती येतात. ४ कोटीच्या सांत प्रक्षेपी प्रतलात २१ बिंदू व २१ रेषा असून प्रत्येक रेषेवर ५ बिंदू असतात. त्यावरून २१ कोटीचे तीन परस्परलंब चौरस मिळतात. मॅकनीशच्या मते ते दोनच असावयास हवे होते.

तथापि सर्व खंड समान आकाराचे ठेवून ऑयलरच्या संख्यांपर्यंत पोचता येत नाही. त्याचे कारण साध्या समविषम विचाराने कळते. न ही ४त + २ स्वरूपाची असल्यास न – १ विषम आहे. प्रत्येक बिंदू जितक्या खंडांत येतो ती संख्या र मानली तर न – १ = र × (क – १); म्हणून र विषम व क सम. क हा अविभाज्य संख्येचा घात व किमान ४ असावयाचा, तेव्हा त्यास ४ ने भाग जातो. खंडांची एकूण संख्या न × र भागिले क इतकी. परंतु न × र ला २ ने एकदाच भाग जातो. म्हणून ती पूर्णांक होऊ शकत नाही. ही अशक्यता १९५० मधील अशक्यतेच्याच जातीची आहे : तिला कारण आहे, आणि ते कारण ‘समान आकार’ या एकाच अटीत आहे.

बोस व श्रीखंडे यांनी नेमकी हीच अट सोडून दिली. पार्कर यांच्या युक्तिवादात खंड समान असण्याची आवश्यकता कोठेच नाही. कोणतेही दोन बिंदू एकाच खंडात यावेत एवढेच पुरे. २२ या संख्येचे उदाहरण घेऊ. टी. पी. कर्कमन याने १८५० साली विचारलेला एक प्रश्न प्रसिद्ध आहे : पंधरा मुली सात दिवस रोज तिघीतिघींच्या पाच रांगांत फिरावयास जातात, कोणत्याही दोघी आठवड्यात एकदाच एका रांगेत याव्यात. अशी योजना करता येते, व तीत एकूण ३५ त्रिकुटे होतात. आता सात दिवसांनाही सात नवे बिंदू मानावे व प्रत्येक त्रिकुटात त्याच्या दिवसाचा बिंदू मिळवावा. त्यामुळे चार बिंदूंचे ३५ खंड झाले. सात दिवसांचा मिळून एक सात बिंदूंचा खंड करावा. एकूण बिंदू १५ + ७ = २२. चौकडीत ६ जोड्या व सातांच्या खंडात २१ जोड्या असतात; ३५ × ६ + २१ = २३१, आणि २२ बिंदूंच्या जोड्याही २३१ च आहेत. दोन मुली एकाच त्रिकुटात येतात; मुलगी व दिवस एकाच चौकडीत येतात; दोन दिवस शेवटच्या खंडात येतात. ४ व ७ हे दोन्ही अविभाज्य संख्यांचे घात असल्यामुळे त्यांच्यावर हव्या तशा जोड्या मिळतात, व २२ कोटीचे दोन परस्परलंब चौरस सिद्ध होतात.

अशा रीतीने अटकळ कोसळली. बोस व श्रीखंडे यांचा निबंध १९५९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पार्कर यांनी १० कोटीची जोडी दिली; तीत १० = ७ + ३ अशी विभागणी केलेली आहे. विशेष हे की, १० कोटीच्या जोडीसाठी लॉस एंजेलिस येथे स्वॅक या संगणकावर केलेला शोध निष्फळ ठरला होता, आणि संगणकाच्या कंपनीत नोकरीस असलेल्या पार्कर यांनी ती जोडी संगणकाविना मिळविली. त्यानंतर तिघांनी एकत्र येऊन, ६ पेक्षा मोठ्या ४त + २ स्वरूपाच्या प्रत्येक कोटीचे परस्परलंब चौरस असतात हे सिद्ध केले. हा निबंध १९६० साली कॅनडाच्या गणितविषयक नियतकालिकात आला. २ व ६ एवढेच अपवाद उरले. ऑयलरची अटकळ एखाद्या दूरच्या उदाहरणापुरती चुकली नव्हती. ज्या दोन उदाहरणांच्या आधारे ती उभी होती त्यांच्यापलीकडे ती कोठेच खरी नव्हती.

एप्रिल १९५९ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत हे काम मांडले गेले व २६ एप्रिलच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते पहिल्या पानावर छापले. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या नोव्हेंबर १९५९ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर पार्कर यांचा १० कोटीचा चौरस रंगांत झळकला.

सोळा बिंदूंचा अपवाद

याच वर्षीचे श्रीखंडे यांचे आणखी एक स्वतंत्र काम उल्लेखनीय आहे. चौरसाच्या न × न घरांपैकी एकाच ओळीतील किंवा एकाच स्तंभातील दोन घरे परस्परांची शेजारी मानावीत. प्रत्येक घराला किती शेजारी, व दोन घरांना समाईक शेजारी किती, या संख्या त्यावरून ठरतात. उलट, केवळ या संख्या दिल्या असता मांडणी ओळीस्तंभांचीच असली पाहिजे काय? श्रीखंडे यांनी सिद्ध केले की न = ४ खेरीज सर्वत्र उत्तर होकारार्थी आहे. न = ४ असता एक, आणि एकच, निराळी मांडणी आढळते. ० ते ३ या अंकांच्या सोळा जोड्या घ्याव्यात. ४ ने भागून उरणारी बाकीच विचारात घ्यावी. दोन जोड्यांतील फरक (१, ०), (०, १), (१, १) यांपैकी एक किंवा त्याचा ऋण असेल तर त्या शेजारी मानाव्यात. दोन्ही मांडण्यांत प्रत्येक बिंदूस सहा शेजारी व कोणत्याही दोन बिंदूंस दोन समाईक शेजारी असतात. तरी पहिल्या मांडणीत एका बिंदूचे सहा शेजारी दोन सुटे त्रिकोण करतात, तर दुसरीत ते एका षट्कोनाच्या कडेने बसतात. हाच आज जगभर ‘श्रीखंडे आलेख’ या नावाने ओळखला जातो. एखादी नेहमीची मांडणी एकमेव आहे असे म्हणण्यापूर्वी अपवाद शोधावा, ही वृत्ती येथेही दिसते.

परतीनंतर

१९६० साली श्रीखंडे भारतात परतले. बनारस हिंदू विद्यापीठात तीन वर्षे काम केल्यावर १९६३ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा स्वीकारली व १९७८ पर्यंत ती सांभाळली. तेथील गणिताच्या प्रगत अध्ययन केंद्राचेही ते संचालक होते. पुढे १९८३ ते १९८६ या काळात अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे ते संचालक होते. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, विजयवाडा येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाने विषय संपला नाही. १० कोटीचे नऊ परस्परलंब चौरस असणे म्हणजेच त्या कोटीचे सांत प्रक्षेपी प्रतल असणे होय. १९५० च्या सुमारास सिद्ध झालेल्या अंकशास्त्रीय अटी ६ कोटीच्या प्रतलास बाद करतात; परंतु १० = ९ + १ ही दोन वर्गांची बेरीज असल्यामुळे १० बाबत त्या मौन पाळतात. लॅम, थील व स्विअर्च यांनी १९८९ साली संगणकाच्या साहाय्याने प्रचंड शोध घेऊन असे प्रतल नाही असे जाहीर केले. तारीच्या सिद्धतेप्रमाणेच हीही शक्यतांच्या निरासाची सिद्धता आहे. आणि १० कोटीचे जोडीजोडीने परस्परलंब असे तीन चौरस असतात किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर अद्यापि मिळालेले नाही. ते नसावेत असे मानण्यास आज जो आधार आहे तो मुख्यतः शोधाच्या अपयशाचाच आहे. आणि अशा आधाराचे वजन किती असते, हे १९५९ साली दिसून आलेले आहे.